तिथीवर चालणारा वर्ग

अमोनियाचा वास एकदा घेतला की तो पुन्हा ओळखायला कुणी शिकवावा लागत नाही. नाकात शिरता शिरताच तो डोळ्यांत उतरतो, घशाशी येऊन थांबतो आणि माणसाला दोन पावले मागे ढकलतो. मी शिकले मराठी, त्यातही कविता. मोगरा, ओली माती, देव्हाऱ्यातला कापूर एवढ्याच गंधांशी माझ्या शिक्षणाचा संबंध होता. नोकरीची अखेरची वर्षे मात्र मी अमोनियाच्या सोबतीने काढली. निवृत्तीनंतर कपाटातल्या एखाद्या सुती साडीच्या घडीत त्याचा पुसटसा भास होतो, तेव्हा मला हसू येते आणि छातीवरचे काहीतरी हलके होते. ते हलके होणे हिराबाईमुळे. या लेखात तिचीच गोष्ट सांगायची आहे.

आमचे कम्युनिटी कॉलेज मुरूडच्या बाजूला, खाडीलगतच्या एका गावात, सुपारीच्या जुन्या वखारीत भरत असे. नाव कॉलेजचे असले तरी तिथे येणाऱ्यांना पदवी नको असे; हाताला काम हवे असे. आमच्या किनाऱ्यावर मासा आहे म्हणून बर्फ आहे आणि बर्फ आहे म्हणून बर्फाचे कारखाने. त्यांची यंत्रे चालवणारी माणसे तयार करण्याचा अभ्यासक्रम आमच्याकडे होता. ज्यांनी बर्फाची लादी फक्त मासळी बाजारात पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगते. मोठ्या टाकीत मिठाचे पाणी असते. अमोनियाच्या नळ्या ते इतके थंड करतात की साधे पाणी त्या थंडीत केव्हाच दगड झाले असते. मिठामुळे ते वाहते राहते. या पाण्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे सोडायचे. सावकाश त्यांतली लादी तयार होते. हे सगळे ज्याच्या हाती, त्या चालकाला दर तासाला दाब पाहावा लागतो, तापमान पाहावे लागते आणि पाहिलेले लिहावे लागते. लिहिताना चूक झाली तर लादी पोकळ निघते. वाचताना चूक झाली तर माणसे दवाखान्यात जातात.

मला नेमले होते ते वाचन, लेखन आणि हिशेब शिकवायला. येणाऱ्यांपैकी कुणी चौथीतून शाळा सोडलेले, कुणी शाळेचे तोंडच न पाहिलेले. पहिल्या वर्षी माझा वर्ग दुपारी, वेगळ्या खोलीत ठेवला होता. दारावर पाटी होती, ‘पायाभूत वर्ग’. त्या दारातून आत शिरणे म्हणजे गावासमोर स्वतःला अडाणी म्हणवून घेणे, असा त्या पाटीचा अर्थ लोकांनी लावला. मी खडू घेऊन बसायची आणि बाहेर पिंपळावरचे कावळे माझी हजेरी घ्यायचे. त्या वर्षी गळून गेलेली माणसे अजून बाजारात दिसतात. ती आदराने हसतात. त्या हसण्याची हळहळ मला अजून आहे.

यंत्राचे काम शिकवायला गफूरमास्तर होते. मूळचे म्हसळ्याचे, आखातात वर्षानुवर्षे शीतगृहे सांभाळून परतलेले. रोज आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरून ते घरी जात. एके दुपारी ते माझ्या रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यात उभे राहिले.

“बाई, कावळ्यांना बाराखडी आली काय?”

“शिकताहेत. गळती मात्र फार आहे.”

“मग फळा उचला आणि माझ्याकडे आणा. माझ्या पोरांना मी सांगतो, काटा लाल रेघेच्या पुढे गेला तर पळा. रेघेवरचा आकडा कुणाला वाचता येतो? मी यंत्र बोलतो, तुम्ही अक्षर बोला. एकाच ठिकाणी, एकाच वेळी.”

“यंत्राच्या आवाजात कविता ऐकू येईल?”

“इंशाअल्ला, ओरडून म्हणा.”

अशा रीतीने आमचा दोन शिक्षकांचा वर्ग सुरू झाला. मास्तर झडप उघडून दाखवत आणि मी त्याच झडपेवर खडूने ‘उघड’ लिहीत असे. ते बंद करत, मी ‘बंद’ लिहायची. ‘दाब’, ‘तेल’, ‘धोका’ ही आमची पहिली अक्षरे. ‘क’ कमळाचा असतो हे आमच्या वर्गाला फार उशिरा कळले. तोवर तो ‘काट्या’चा होता. अडाणीपणाची पाटी आता कुणाच्याच दारावर नव्हती, कारण मलाही दाबाचा काटा कळत नसे आणि मी तो सगळ्यांदेखत मास्तरांना विचारत असे.

हिराबाई या वर्गात आली तेव्हा चाळिशीच्या आसपासची असेल. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली. नवऱ्याचा उजवा हात बोटीवरच्या, जाळे ओढायच्या विंचमध्ये सापडला होता. जीव वाचला, हात मात्र समुद्राच्या कामाचा राहिला नाही. घरात म्हातारे सासरे, धर्माबाबा, एकेकाळचे नावाजलेले तांडेल, बोटीचे कप्तान. घर चालवायचे ते हिराबाईने. डोक्यावरच्या मासळीच्या पाटीने तिची मान धरली होती, डॉक्टरांनी ओझे बंद करायला सांगितले होते. वाड्याजवळच्या बर्फ कारखान्याच्या शेठने तिला शब्द दिला होता, “कॉलेजचा कागद आण, यंत्रघराची चावी तुझ्या हातात देतो. पण दर्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत.”

तिने मला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितले, “बाई, मना फकस्त ती चावी पायजे. बाकीचा तुमचा काय आसंल तो शिकवा, पन चावीपरयंत न्या.”

तिला मी चावीपर्यंत नेऊ शकेन की नाही, हीच पुढच्या महिन्यांची माझी धास्ती झाली.

ती शिकायला चटपटीत होती. मिठाच्या पाण्याचे तापमान शून्याखाली असते, हे समजावताना सगळा वर्ग एकाच जागी अडत असे. शून्याखाली आठ आणि शून्याखाली दहा, यांत जास्त थंड कोण? आठ लहान, दहा मोठा. मग दहा गरम, असे सगळे एकमताने सांगत. मी फळ्यावर धक्क्याच्या पायऱ्या काढल्या. एका पायरीला शून्य म्हटले. पाणी त्या पायरीच्या वर आले तर भरती, खाली गेले तर ओहोटी. खालच्या पायऱ्यांना आकडे दिले.

“म्हंजी,” हिराबाई हळूच म्हणाली, “जवरी ओहोटी मोठी, तवरा गारठा मोठा?”

मास्तरांनी हातातला पाना टेबलावर आपटला. “माशाल्ला! बाई, आज तुमची कविता यंत्राला लागू पडली.”

आता अडचण. हिराबाई उशिरा येई. काही दिवस अगदी वेळेवर, दहाच्या ठोक्याला. मग एक दिवस थोडी उशिरा, दुसऱ्या दिवशी आणखी, तिसऱ्या दिवशी त्याहून. मग एकाएकी एका सकाळी शिपायाच्याही आधी हजर, फाटकाशी बसलेली. कार्यालयातल्या अंगठ्याच्या यंत्राने तिच्याविरुद्ध जणू कट केला होता: बर्फ आणि मीठ हाताळून तिच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे ती आली तरी यंत्र तिला ओळखत नसे. एके दिवशी प्राचार्यांनी मला बोलावले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाला घट्ट धरून चालणारा.

“पाऊण हजेरी भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, बाई. या महिनाअखेर मला हिराबाईंचे नाव कमी करावे लागेल.”

“ती रोज येते, साहेब.”

“येते, पण स्वतःच्या वेळेने. हे कॉलेज आहे, बंदर नाही.”

त्या दिवशीही ती आली नव्हती. मधल्या सुट्टीत मी छत्री उघडून खाडीवर गेले. ऊन चढले होते. पाणी ओसरले होते आणि खाडीच्या जागी करड्या चिखलाची एक लांबरुंद, चकाकणारी पाठ उघडी पडली होती. तिला कुजट-गोडसर वास येत होता. आत हजारो खेकडे बारीक कटकट करत होते, आणि चार-दोन बगळे पायातले काहीतरी जणू हरवले आहे अशा चालीने फिरत होते. पलीकडच्या काठाशी एक लहान होडी चिखलात कलंडून बसली होती. होडीत हिराबाई. डोक्यावर पदर, मांडीवर माझी वही, बोट एकेका ओळीवरून सरकते आहे.

मी हाक मारली. चिखलावरून आवाज पाण्यापेक्षा स्वच्छ जातो, हे मला त्या दिवशी कळले.

“हिराबाई! येत का नाहीस?”

तिने वही उंच धरून दाखवली. “बाई, पानी न्हाय!”

त्या दोन शब्दांत सगळा उलगडा होता. तिचा वाडा खाडीपलीकडे. होडी पाण्यावरच तरणार. रस्त्याने यायचे तर खाडीला मोठा वळसा, आणि तिकडची एसटी दुपारी येणार. भरतीची वेळ रोज पुढे सरकते, तशी हिराबाई रोज पुढे सरकत होती. आणि एका भरतीची वेळ फारच पुढे गेली की ती आदल्या, पहाटेच्या भरतीने येऊन फाटकाशी बसत होती.

दुपारी पाण्याबरोबर ती आली तेव्हा मी जरा रागानेच म्हटले, “अगं, एवढे सांगायचे तरी! नाव कापायला निघाले आहेत तुझे.”

ती माझ्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्याने पाहत राहिली. “सांगायचा काय त्यात, बाई? पानी नसलं का नसतं. तुमाला ठावक न्हाय, आसं वाटलंच न्हाय मना.”

मास्तर आणि मी प्राचार्यांकडे गेलो. वर्ग भरतीच्या वेळेवर ठेवावा, काही दिवस सकाळी, काही दिवस दुपारी, अशी आमची मागणी. मास्तर म्हणाले, “साहेब, मीसुद्धा दिघीच्या फेरीला बांधलेलाच आहे. एवढी माणसे पाण्यावर जगतात, एक घड्याळ पाण्यावर चालले तर बिघडते काय?” प्राचार्यांनी बराच वेळ पेन टेबलावर वाजवले आणि शेवटी अट घातली: वेळापत्रक पूर्ण सत्राचे, आधी, लेखी हवे. “रोज सकाळी उठून खाडी बघायला मी जाणार नाही.”

हे वेळापत्रक कुणी करायचे? मास्तरांनी तोड काढली. त्यांचे आजोबा गलबतावर होते. त्यांचा ठोकताळा मास्तरांना पाठ होता. तिथीला पाऊणने गुणा, भरती किती वाजता ते निघते. चतुर्थीला चार पाऊण तीन; तीन वाजता पाणी भरणार, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा. थोडे पुढेमागे होते, पण होडी काढायला पुरते.

हिराबाई चमकली. “आमचे बाबा रोज सांजचे वट्यावर बसून सांगतान, उद्या पानी कवा ते. सगला वाडा इच्यारतो त्यांना. आमी बाया कवाच इच्यारलं न्हाय ते कसं काडतान.”

“आता तू काढ,” मी म्हटले.

दोन दिवस वर्गात पाऊणकी घुमली. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. कंप्रेसरच्या ठेक्यावर म्हटलेली ती पाऊणकी मला अजून ऐकू येते. मी आयुष्यात शिकवलेल्या कवितांपैकी ती सर्वांत जोरात म्हटली गेली. कॅलेंडरातल्या तिथ्या वाचायच्या म्हणून अवघड जोडाक्षरे आली. ‘द्वितीया’ने सर्वांना रडवले. आमच्यातच बागायतदाराचा एक पदवीधर मुलगा होता, बर्फाचा धंदा काढायला निघालेला. तो अमोनियाच्या वासाने सारखा बाहेर पळे, पण तिथ्या वाचून दाखवायला परत येई. वर्गाने स्वतः केलेले वेळापत्रक भिंतीवर लागले. अंगठ्याऐवजी वहीत सही करू लागलेल्या हिराबाईचे नाव यादीत राहिले.

घरी मात्र निराळे वादळ झाले. एका संध्याकाळी वाड्यातल्या कुणी तरी ओट्याशी येऊन विचारले, आणि धर्माबाबांनी तोंड उघडायच्या आत सून आतून म्हणाली, “सव्वापाचला.” बरोबर होते. पण बाबा दोन दिवस बोलले नाहीत.

“मग तू काय केलंस?” मास्तरांनी विचारले.

“भाकरी वाडली. बोलन्याबिगर जेवता येतं.”

परीक्षा ठरली. परीक्षक मुंबईहून लाँचने मांडव्याला उतरून येणार. एकच दिवस, सकाळी दहा. उशिरा आलेल्याला आत घेणार नाहीत. तो दिवस ज्या तिथीचा होता, त्या तिथीला सकाळी दहा वाजता खाडीत चिखलाखेरीज काही नसणार. यायचे तर पहाटेच्या पाण्यावर, अंधारात, आणि पाणी उतरायच्या आत. वेळ चुकली तर होडी मध्येच रुतणार, आणि चावी पुढच्या हंगामापर्यंत दुसऱ्या कुणाच्या कमरेला लागणार.

“आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला ये,” मी म्हटले.

“न्हाय बाई. सांजला सुकत घातलेल्या वाकट्या दांडीवरनं काडल्या न्हाय तं दहिवरानं नासतान. एका हातानं त्यांना व्हनार न्हाय.” मग जरा थांबून, “आनि वेल मी काडलीय. माजी मी.”

तिच्या त्या ‘माजी मी’ने मला जितका अभिमान वाटला, तितकीच धडकी भरली. माझ्या वर्गाची परीक्षा दहाच्या आधीच, खाडीच्या मधोमध होणार होती.

त्या दिवशी तांबडे फुटताच मी खाडीवर गेले. पाणी गेलेले. चिखल अजून निळसर होता आणि त्यावर पहाटेचा गारवा धुरासारखा पडला होता. पलीकडे, नेहमीच्या जागी, तिची होडी कलंडून बसली होती. रिकामी. मी कितीतरी वेळ पाहत राहिले. होडी तिकडे आहे, म्हणजे माणूस तिकडे आहे. हाक मारायचा धीर झाला नाही. मारून उपयोगही नव्हता.

जड पायांनी कॉलेजवर आले. फाटक उघडताच दोन वास एकदम आले, अबोलीला नसतो म्हणतात तो कोवळा ओलसर वास, आणि चहाचा. यंत्रशाळेच्या पायरीवर हिराबाई बसली होती. केसांत अबोलीचा वळेसर, नवे लुगडे, कोरडे पाय. पाव चहात बुडवून खात होती.

“बाई, तुमी कुटं व्हतांव? कवाची वाट बगते.”

“होडी… होडी तिकडे आहे ना तुझी!”

“सोडून गेले ना ते मना. पान्यासंगं परत. एका हातानं वल्हवतान, पन वल्हवतान.”

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. तिने रात्रीची हकीकत सांगितली. धर्माबाबांनी ओट्यावरून जाहीर केले होते, उद्या पंचमी, पावणेचारला पाणी भरेल, उजाडताना निघाली तरी चालेल. पुनवेपासून बोटांवर एकेक दिवस मोजायचा, ही त्यांची जन्माची रीत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून चंद्र त्यांना दिसत नव्हता. हिराबाईने कॅलेंडर पाहिले. त्या पंधरवड्यात लागोपाठच्या दोन चौकोनांत तृतीयाच छापलेली होती. कधीकधी एक तिथी दोन सूर्योदयांना धरून राहते, तशी ती राहिली होती. बाबांची बोटे एक दिवस पुढे गेली होती. उद्या चतुर्थी, चार पाऊण तीन. उजाडेपर्यंत थांबले तर होडी रुतणार.

“दोन दिस पान्याकडं बगून मना वाटतच व्हतं,” ती म्हणाली, “पन तांडेलाला कोन बोलनार? वाचलं, मंग बोलले. बोलले, बाबा, तृतीया दोनदा हाय. ते बोलले, कागद दर्याला शिकवतो काय? मी बोलले, न्हाय बाबा, मना शिकवतो.”

“मग?”

“मंग कायच न्हाय. अंधारात उटले तं कंदील लावून बाबाच वट्यावर बसलेले. बोलले, जा, पानी उतराया लागलाय.”

परीक्षेचे फार सांगण्यासारखे नाही, आणि ते किती बरे! परीक्षकांनी तिला काट्याचा आकडा वाचायला लावला, तक्त्यात लिहायला लावला आणि अगदी शेवटी विचारले, शून्याखाली आठ आणि शून्याखाली दहा, जास्त थंड काय? खिडकीबाहेर मास्तर आणि मी भिंतीला चिकटून उभे होतो. हिराबाईने एक क्षण धक्क्याच्या पायऱ्या पाहिल्या असाव्यात.

“दहा. ओहोटी जास्ती.”

परीक्षकांना उत्तराचा दुसरा भाग कळला नाही, पण पहिल्या भागाचे गुण त्यांनी दिले. मास्तरांनी डोळे पुसले आणि अमोनियाला दोष दिला.

माझ्या निवृत्तीनंतर वर्ग पुन्हा दहाच्या ठोक्यावर गेल्याचे कानावर आले. खाडीवर पूल होणार आहे म्हणतात. झाला की हा प्रश्नच उरणार नाही. व्हावा. तोवर कोण कोण चिखलापलीकडे वही घेऊन बसले असेल, हा विचार मात्र अधूनमधून टोचतो.

गेल्या महिन्यात हिराबाईच्या वाड्यात गेले होते. ती कामावरून नुकतीच आली होती. यंत्रघराची चावी कमरेला, हातांना तोच ओळखीचा उग्र वास. मी आत बसले, तिने चहा टाकला. बाहेर ओट्यावर धर्माबाबा होते. सांज झाली तशी एक तरणा कोळी आला आणि त्याने विचारले, “बाबा, उद्या पानी कवा?”

बाबांनी बोटांवर काही मोजल्यासारखे केले. मग मान आतल्या बाजूला वळवली आणि परीक्षा घेणाऱ्याच्या आवाजात खडसावून विचारले,

“सूनबाई, बोल. उद्या पानी कवा?”

चुलीपुढून मान वर न करता तिने वेळ सांगितली.

“बरोबर,” बाबा म्हणाले.